कौमार, यौवन, जरा आणि गृहस्थाचे धैर्य

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील तेरावा श्लोक बहुतेक घरांत ऐकू येतो तो कोणी निवर्तल्यानंतर. सांत्वनास आलेले वडीलधारे तो म्हणतात, ऐकणारे मान डोलावतात, आणि त्यामुळे हा मरणसमयीचा श्लोक आहे अशी समजूत होऊन बसली आहे. वास्तविक त्याचा पूर्वार्ध जिवंत मनुष्याविषयी आहे. ह्याच देहात देहधाऱ्यास जसे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य प्राप्त होते तशीच पुढे दुसऱ्या देहाची प्राप्ती होते, असे भगवान सांगतात. आणि जो धीर आहे तो त्या ठिकाणी मोह पावत नाही, असा समारोप करतात. देहांतर हा सिद्ध करावयाचा विषय आहे आणि तीन अवस्था हा दृष्टांत आहे.

न्यायशास्त्राचा नियम असा की, दृष्टांत हा सामान्य लोक आणि परीक्षक ह्या दोघांनाही मान्य असलेला असावा. म्हणजे बालपण जाऊन तारुण्य येते, तारुण्य जाऊन जरा येते आणि ह्या फेरबदलात मनुष्य गांगरत नाही, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे असे गीतेने गृहीत धरले आहे. पण गृहस्थाने आपल्या घराकडे पाहावे आणि ती तशी ठाऊक आहे काय, हे स्वतःस विचारावे. सोळाव्या वर्षी मुलगा खोलीचे दार लावून बसू लागतो, प्रसूतीनंतर सून विनाकारण रडते, निवृत्त झालेला कर्ता पुरुष दिवसभर गप्प राहतो, आजी स्वतःच्या मुलास ओळखत नाही. अशा वेळी घरातील कोणीही ‘ही अवस्थांतरे आहेत’ असे म्हणून शांत राहत नाही. मरणाविषयी जो श्लोक धीराने म्हटला जातो त्याचा पूर्वार्ध डोळ्यांसमोर घडू लागला की सर्वांचा धीर सुटतो.

श्रीमच्छंकराचार्यांनी ह्या श्लोकावरील भाष्यात ह्या तीन अवस्था परस्परांहून भिन्न असल्याचे सांगितले आहे. पहिली नाहीशी झाली म्हणून आत्मा नाहीसा होत नाही आणि दुसरी उत्पन्न झाली म्हणून तो उत्पन्न होत नाही, असे त्यांचे विवरण आहे. आत्म्याच्या अविनाशित्वाकडे सर्वांचे लक्ष जाते, ते योग्यच आहे. परंतु अवस्था एकमेकींहून भिन्न आहेत आणि एक नाहीशी झाल्यावाचून दुसरी येत नाही, हेही आचार्यांनी तेथेच सांगून ठेविले आहे. प्रत्येक संधीवर काहीतरी जावे लागते, आणि जे जाते त्याचा शोक मनास होतो.

मनाच्या ह्या संधींचा अभ्यास ज्या नगरीत दीर्घकाळ चालला आहे ती बेंगळूर नगरी मराठी वाचकास परकी नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे. तेथील मल्लेश्वर भागातील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानास व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव दिल्याचा शिलालेख आहे, आणि आजही तेथे कित्येक मराठी घरांत कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत देवाची आरती होते. म्हैसूर संस्थानच्या काळी ह्या शहरात मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय होते. २७ डिसेंबर १९५४ रोजी त्याच्या सान्निध्यात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक झाले. हिंदू तत्त्वज्ञानात मनाचा जो विचार झाला आहे त्याचे संशोधन व्हावे अशी त्यांची दृष्टी होती. १९७४ साली रुग्णालय आणि संस्था एकत्र होऊन जी संस्था झाली तीच होसूर रस्त्यावरील निम्हान्स होय. २०१२ साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था हा दर्जा मिळाला. ह्याच संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत असे आढळले की, दर शंभर प्रौढांपैकी दहा ते अकरा जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि विकारपरत्वे शंभरातील सत्तर ते नव्वदांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

ह्या दुसऱ्या आकड्याचे कारण केवळ डॉक्टरांची कमतरता हे नव्हे. गृहस्थाच्या घरात आजार झाकला जातो. मधुमेह चारचौघांत सांगता येतो. मुलीला झोप येत नाही, ती जगण्याला कंटाळली आहे, हे मात्र सख्ख्या मामालाही सांगितले जात नाही, कारण पुढे तिचे लग्न व्हावयाचे असते. धर्मनिष्ठ घरात तर आणखी एक संकोच असतो. नित्य गीतापाठ होणाऱ्या घरात मन आजारी पडले, तर आपली श्रद्धा उणी पडली की काय, अशी टोचणी लागते. आणि बाहेरचे कोणी तसे बोलूनही दाखवतात.

ह्या टोचणीचा विचार शास्त्रदृष्टीने केला पाहिजे. प्रथम शंका अशी की, आत्मा जर नित्यशुद्ध आहे तर आजारी पडते ते काय? तेराव्या अध्यायात भगवंतांनी ‘क्षेत्र’ म्हणून जे जे मोजले आहे त्यात महाभूते व इंद्रिये तर आहेतच, पण मन, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि धृतीसुद्धा आहे. म्हणजे शरीर ज्या पंक्तीस बसले आहे त्याच पंक्तीस मनही बसले आहे. दोन्ही प्रकृतीची, दोन्ही विकारी. गुडघ्याच्या दुखण्याने ज्याप्रमाणे क्षेत्रज्ञास बाधा येत नाही त्याप्रमाणे मनाच्या दुखण्यानेही येत नाही. आणि गुडघ्यावर ज्याप्रमाणे उपचार करावयाचे त्याप्रमाणे मनावरही करावयाचे. आयुर्वेदाची परंपरा ह्याहून निराळी नाही. चरकाचार्य वात-पित्त-कफ हे शरीराचे दोष मानतात आणि रज व तम हे मनाचे. चिकित्साही ते तीन प्रकारची सांगतात: मंत्र, व्रत, उपासना इत्यादी दैवव्यपाश्रय, औषध व आहार ही युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरून धरणारी सत्त्वावजय. उन्मादावर त्यांनी स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. जप करणाऱ्याने औषध घेऊ नये किंवा औषध घेणाऱ्याचा जप खोटा, असे त्या ग्रंथात कोठेही निघत नाही. वैद्याकडे गेल्याने देवाचा अपमान होतो ही कल्पना नवी आहे आणि तिला शास्त्राधार नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. गीता स्वतःच म्हणते की मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, स्वतःस खचू देऊ नये. सहाव्या अध्यायातील हा पाचवा श्लोक खचलेल्या माणसावर जितका फेकला जातो तितका दुसरा कोणता फेकला जात नसेल. ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’, ही त्याचीच प्राकृत रूपे होत. परंतु वाचकांनी अनुक्रम पाहावा. हा उपदेश सहाव्या अध्यायातील आहे. पहिल्या अध्यायात भगवंतांनी तो केलेला नाही.

पहिल्या अध्यायात काय घडले? अठ्ठाविसाव्या श्लोकापासून अर्जुन स्वतःच्या शरीराची अवस्था सांगू लागतो. गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरते आहे, रोमांच उभे राहिले आहेत, त्वचेचा दाह होतो आहे, धनुष्य हातातून निसटते आहे, उभे राहवत नाही आणि मन भोवंडते आहे. मनाच्या आजाराचे एवढे शरीरगत वर्णन आधुनिक वैद्यास दाखविले तरी त्यास ते ओळखीचे वाटेल. पुढे अर्जुन युक्तिवाद करतो, कुलक्षय, पाप, नरक असे एकामागून एक सर्व अनिष्टच पाहतो आणि शेवटी रथात खाली बसतो. सत्तेचाळीस श्लोकांच्या त्या अध्यायात भगवान एकदाच बोलले आहेत, तेही ‘हे जमलेले कुरू पाहा’ एवढेच. बाकी सर्व वेळ ते ऐकत आहेत. आचार्यांचे सविस्तर भाष्य दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होते, कारण त्यांस तत्त्वनिर्णय करावयाचा होता. पण श्रीज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जो ग्रंथ सांगितला त्यात अर्जुनाच्या ह्या व्याकुळतेलाही भरपूर ओव्या दिल्या आहेत. गृहस्थांसाठी बोलणाऱ्यास हा अध्याय ओलांडून जाता येत नाही.

आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. भगवंतांनी प्रथम अर्जुनास फटकारलेच आहे. ही दुर्बलता तुला शोभत नाही, ती टाकून ऊठ, अशा अर्थाचे दोन श्लोक आहेत. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. तो पुन्हा आपले दुःख सांगतो, मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव असे म्हणतो, आणि ‘मी लढणार नाही’ एवढे बोलून गप्प बसतो. साक्षात भगवंतांच्या तोंडचे ताशेरेही ज्याला उठवू शकले नाहीत त्याला शेजारच्या काकूंचे किंवा कचेरीतील वरिष्ठांचे टोमणे उठवतील, हे संभवनीय नाही. त्यानंतर भगवंतांनी शब्द बदलले. मुद्रेवर जणू हास्य आणून ते बोलू लागले आणि मग सतरा अध्याय बोलत राहिले. ह्या बदललेल्या बोलण्यातील अगदी आरंभीचा जो विचार आहे तोच कौमार, यौवन आणि जरा ह्यांचा.

तो तेथेच का यावा? समोर भीष्म आहेत, ते जरेची मूर्ती. बाजूला अभिमन्यू आहे, तो सोळा वर्षांचा. मधे अर्जुन आहे, ज्याला एकीकडे पितामहाकडे पाहून नातू व्हावे लागते आणि दुसरीकडे पुत्राकडे पाहून बाप. रणभूमीवर तीन पिढ्या एकाच वेळी उभ्या आहेत. बेंगळुरातल्या किंवा पुण्यातल्या घरात याहून निराळे काय असते?

अलीकडील मानसशास्त्रानेही आयुष्याचा असा अखंड विचार केला आहे. एरिक एरिक्सन ह्या विद्वानाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्यावर मनापुढे एकेक पेच उभा राहतो असे दाखविले. विश्वास ठेवावा की ठेवू नये हा अर्भकाचा पेच. मी कोण हा किशोराचा. आणि झाले त्या आयुष्याचा स्वीकार करावा की हळहळत बसावे, हा वृद्धाचा. हे गृहस्थ पुढे १९६२ साली अहमदाबादेस आले आणि गांधीजींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. सुधीर कक्कर ह्यांनी १९६८ मध्ये एरिक्सनच्या ह्या मांडणीची आपल्या आश्रमव्यवस्थेशी तुलना केली. दोहोंत साम्य आहे, पण ते ओढूनताणून लावण्याचे कारण नाही. आश्रमव्यवस्था प्रत्येक वयास कर्तव्य नेमून देते. त्या वयात मन कोठे अडखळते हे सांगण्याचा तिचा मुख्य उद्देश नाही. ते सांगण्यापुरते आधुनिक विद्येचे साहाय्य घेण्यास हरकत नसावी.

किशोरवयाचा विचार अधिक विस्ताराने करावयास हवा, कारण आजाराची बीजे तेथे आहेत. अमेरिकेत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, आयुष्यात होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. मेंदूचा जो पुढचा भाग विवेक व संयम चालवितो त्याची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालूच असते. म्हणजे ज्या वयात घराच्या सर्व आशा मुलावर लादल्या जातात, नेमके त्याच वयात त्याचे लगाम अर्धवट तयार असतात. बेंगळुरात अकरावी-बारावीच्या मुलाचा दिवस पहाटे शिकवणीने सुरू होतो आणि रात्री उशिरा शिकवणीनेच संपतो. सहाव्या अध्यायात योगाची पहिली अट म्हणून आहार, विहार, झोप व जागरण ह्यांचे प्रमाण सांगितले आहे आणि अति जागणाऱ्यास योग साधत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. जो पिता स्वतः हा अध्याय म्हणतो, तोच मुलाचे चार तास झोपणे कौतुकाने चारचौघांत सांगतो!

ह्या वयातील आणखी एक संकट हातातल्या यंत्राचे आहे. विषयांचे चिंतन करणाऱ्यास प्रथम आसक्ती, मग कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, अशी जी साखळी दुसऱ्या अध्यायात आहे, ती मोबाइल काढून घेतल्यावर आदळआपट करणाऱ्या मुलाच्या घरात एका संध्याकाळी पाहावयास मिळते. निम्हान्सने २०१४ साली केवळ ह्याच व्यसनासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली, यावरून हा प्रश्न किती वाढला आहे हे कळून येईल. मात्र साखळीचा आरंभ कोठे आहे हे पाहावे. तो चिंतनापाशी आहे. मुलाचे चित्त त्या पडद्यापाशीच का जाते, घरात त्याच्याशी गुणांखेरीज दुसऱ्या कशाविषयी कोणी बोलते काय, हे विचारल्यावाचून यंत्र हिसकावणे म्हणजे साखळीची चौथी-पाचवी कडी ओढणे होय.

मुलगा एकाएकी मित्रांस टाळू लागला, आवडते खाणे-खेळणे सोडले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला किंवा ‘मी नसलो तर बरे’ असे बोलला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारण्यास पालक भितात. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात भरेल अशी त्यांची समजूत असते. तज्ज्ञांचा अनुभव उलट आहे. कोणीतरी विचारले ह्यानेच मुलास पहिल्यांदा मोकळे होता येते. विचारून झाल्यावर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, तेथे मराठीतूनही बोलता येते, आणि तिचे मार्गदर्शन बेंगळुरातूनच होते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटल्याची टांगती तलवार असे, म्हणूनही घरे गप्प राहत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे ठरविले की, अशा मनुष्यावर तीव्र मानसिक ताण होता असे गृहीत धरावयाचे, त्यास शिक्षा करावयाची नाही, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य होय.

तारुण्याच्या मध्यावर स्त्रीस जो प्रसंग येतो त्याविषयी घरातील पुरुष बोलत नाहीत. बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती, तेल, शेक, डिंकाचे लाडू हे सर्व आपल्याकडे आहे आणि ते शहाणपणाचे आहे. सूतिकेस दीड महिना जपावे असे आयुर्वेदही म्हणतो. पण बाळ हसते आहे आणि आई रडते आहे, असे दिसले की ‘एवढे गोंडस मूल आणि ही बघा!’ असे शब्द येतात. २०१७ साली भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या अनुमानानुसार प्रसूतीनंतर शंभरातील सुमारे बावीस मातांस नैराश्य येते. त्यात मातेच्या प्रेमाची उणीव नसते. थोड्या स्त्रियांना तर प्रसूतीनंतर लगेच तीव्र भ्रम होतो, तेव्हा एक दिवसही थांबू नये. पूर्वी अशा मातेस रुग्णालयात ठेवावयाचे म्हणजे बाळापासून तोडावे लागे. निम्हान्सने २००९ मध्ये माता व अर्भक दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष उघडला. स्तनपान, औषध आणि निद्रा ह्या तिन्हींची काळजी तेथे एकत्र घेतली जाते.

मध्यम वयाविषयी थोडकेच सांगण्यासारखे आहे. त्या वयात मनुष्य दोन्ही बाजूंनी ओढला जातो आणि स्वतःच्या मनाकडे पाहण्यास त्यास सवड नसते. नोकरी हेच ज्याचे नाव झाले होते त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आपण कोण हे कळेनासे होते. अशा वेळी कोणी अठराव्या अध्यायाचा आधार घेऊन, निद्रा, भय, शोक व विषाद न सोडणारी धृती तामसी होय असे ऐकवील. वचन खरे आहे. परंतु तेथे निंदा आहे ती बुद्धिपूर्वक धरून ठेवण्याची. ज्याला विषादानेच धरले आहे त्याला हे वचन लागू पडत नाही. तापाने फणफणणाऱ्यास ‘तू ताप का सोडीत नाहीस?’ असे कोणी विचारीत नाही.

जरेचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तेथे बरे होण्याची आशा पुष्कळदा नसते. भारतातील साठ वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांस स्मृतिनाशाचा आजार असावा, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे अनुमान आहे. ज्या आजीने नातवंडांना पंधरावा अध्याय शिकवला तिला त्याची पहिली ओळ आठवत नाही, ती सुनेला ‘बाई, तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारते, दागिने चोरीस गेले म्हणून मुलावर आळ घेते. मुलगा आधी समजावतो, मग चिडतो. महाभारतात ह्याला उत्तम उदाहरण आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या घरी राहिला. युधिष्ठिराने त्यास कशाचीही उणीव पडू दिली नाही. पण भीम संधी साधून त्याला लागेल असे बोलत असे, आणि त्या शब्दांनी म्हातारा अखेर वनात निघून गेला. घरात सर्व सोयी होत्या. एका तोंडाने त्या निष्फळ केल्या. सतराव्या अध्यायात उद्वेग न उपजविणारे, सत्य, प्रिय व हितकर बोलणे हे वाणीचे तप म्हटले आहे. विसरलेल्या आजीस ‘आत्ताच तर सांगितले!’ असे न म्हणता आठव्यांदा तेच सांगणे, हे त्या तपाचे आजचे स्वरूप आहे, आणि ते एकादशीहून कठीण आहे.

येथे तेराव्या श्लोकाचा उपयोग होतो. स्मृती ही बुद्धीची वृत्ती आहे, ती क्षेत्रात मोडते. जो देही कौमारात होता, यौवनात होता, तोच आता जरेत बसलेला आहे. त्याने आपल्याला ओळखले नाही म्हणून तो दुसरा कोणी झाला नाही. ह्या ठिकाणी मोह होऊ न देणे हे भगवंतांनी धीराचे लक्षण सांगितले, आणि धीर होण्याची ही संधी पुत्रास व सुनेस आहे. आजीस त्याची परीक्षा द्यावयाची नाही. मात्र ज्या सुनेकडे चोवीस तासांची शुश्रूषा आली आहे तिला आठवड्यातून दोन दुपारी तरी कोणी मोकळे करावे. तिचेही मन क्षेत्रच आहे.

रुग्णाबरोबर घराने राहावे ही कल्पना मनोरुग्णालयांत सहजी आली नाही. १९५०-६० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी नातेवाइकांस आवारात तंबू ठोकून रुग्णाजवळ राहू दिले. रुग्ण लवकर बरे होऊ लागले, आणि नातेवाईकही हा आजार काय असतो ते शिकून गेले. बेंगळुरातही पुढे कुटुंबासह उपचार करणारा विभाग सुरू झाला. अर्जुनाचा सारथी असाच रथावर बसून होता. त्याने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेला, लगाम हातात ठेवले आणि बोलला. धनुष्य मात्र अर्जुनालाच उचलावे लागले. सहाव्या अध्यायातील आत्मोद्धाराचे वचन त्या उचलण्यापाशी लागू होते, आणि तोपर्यंत सारथी खाली उतरलेला नाही.

शेवटी एका प्रश्नाचा उल्लेख केला पाहिजे, कारण बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडला की घरे फार निराश होतात. औषध फुकट गेले, प्रार्थना फुकट गेली, असे म्हणतात. अठराव्या अध्यायाच्या अंती अर्जुन म्हणतो की मोह गेला, स्मृती परत आली. त्यानंतर युद्ध झाले, राज्य मिळाले. आणि आश्वमेधिक पर्वात, अनुगीतेच्या आरंभी, तोच अर्जुन श्रीकृष्णांस सांगतो की रणभूमीवर तुम्ही जे सांगितले ते मी विसरलो, ते पुन्हा सांगा. श्रीकृष्ण त्यास थोडे रागावतात. तेव्हा जे बोललो ते तसेच्या तसे आता पुन्हा बोलता यावयाचे नाही, असेही म्हणतात. मग ते त्याच्याजवळ बसतात आणि एका ब्राह्मणाची जुनी कथा घेऊन, दुसऱ्या शब्दांत, पुन्हा आरंभापासून सांगू लागतात.